‘लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?’ : रुग्णालयातल्या एका प्रश्नाचा इतिहास

एखाद्या मोठ्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला गेलात, तर आरोग्य तपासणीचा एक फॉर्म भरावा लागतो. हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का, क्षयरोग झाला होता का, अशा प्रश्नांच्या रांगेत अनेक ठिकाणी आणखी एक प्रश्न असतो : लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? पुढे दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’.

आता हे कुणाला आठवणार? मग आईला फोन जातो. आई म्हणते, “अगं, गोवर-कांजिण्या सगळ्यांनाच होतात. तुझ्याही अंगावर उठलं होतं एकदा, कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घातली होती.” झालं. ‘हो’वर खूण होते आणि फॉर्म फाइलला लागतो.

या दोन मिनिटांत एक मोठी गोष्ट घडलेली असते. आईच्या आठवणीचा वैद्यकीय पुरावा झालेला असतो. त्या पुराव्याच्या जोरावर ही परिचारिका उद्या नवजात बाळांच्या कक्षात किंवा कर्करोगाच्या वॉर्डात उभी राहणार असते. आठवण खरी असेल तर प्रश्न नाही. चुकीची असेल तर?

आजच्या लेखात मला याच प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘पुरावा’ म्हणजे काय हे पद्धतीशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अशा एखाद्या साध्या प्रश्नातून जास्त नीट कळतं.

आठवणीवरचा पहिला संशय

सुरुवात लंडनमध्ये करू. १७६७ साली विल्यम हेबर्डेन या डॉक्टरने तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे कांजिण्यांवर एक निबंध वाचला. तोपर्यंत कांजिण्या म्हणजे देवीचाच एक सौम्य प्रकार, असं अनेकांना वाटत असे. हेबर्डेनने दोन्ही आजारांची लक्षणं बाजूबाजूला ठेवून सांगितलं, की हे वेगळे आजार आहेत.

पण त्याला हे सांगण्याची घाई का होती? कांजिण्या स्वतः फारशा धोकादायक नाहीत, हे त्यालाही मान्य होतं. त्याची काळजी वेगळीच होती. एखाद्याला कांजिण्या होऊन गेल्या आणि घरच्यांनी त्याला देवी समजलं, तर तो माणूस ‘मला देवी होऊन गेल्या’ अशा भ्रमात राहील. मग देवीच्या रुग्णापासून दूर राहणार नाही, आणि त्या काळी देवीपासून बचावासाठी जे टोचून घेत तेही घेणार नाही. म्हणजे आजार होऊन गेल्याच्या आठवणीवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न कांजिण्यांच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावरच आहे.

हेबर्डेनने एक छोटा प्रयोगही केला. कांजिण्यांच्या फोडातल्या द्रवात धागा भिजवला, पूर्वी कांजिण्या झालेल्या एका माणसाच्या दंडावर बारीक चीर दिली आणि तिथे तो बांधला. जखम लगेच भरली, आजार काही झाला नाही. एकदा झाल्या की पुन्हा होत नाहीत, या समजुतीला त्याने दिलेला हा आधार. नमुना किती? एक. आज कुठलीही समिती हे मान्य करणार नाही. पण निष्कर्ष बहुतांशी बरोबर निघाला.

नागीण : तोच विषाणू, दुसरं रूप

पुढचा धागा रुग्णालयांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टच्या यानोश बोकाय यांच्या लक्षात आलं, की घरात कुणाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या लहान मुलांना कांजिण्या होतात. १९२५ मध्ये कुंद्राटित्स यांनी नागिणीच्या फोडातला द्रव लहान मुलांना टोचून त्यातल्या काहींना कांजिण्या होतात हे दाखवलं. (हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. अनेक जुन्या ‘सिद्ध’ गोष्टींच्या मागे अशी मुलं आहेत.) १९५० च्या दशकात थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतला विषाणू प्रयोगशाळेत वाढवून तो एकच असल्याचं दाखवून दिलं.

मग १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टर या गावच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने, एडगर होप-सिम्पसन यांनी, या सगळ्याची सांगड घातली. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जासंस्थेत सुप्त राहतो, आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर नागीण होऊन बाहेर येतो, असं त्यांनी मांडलं. स्वतःच्या दवाखान्यातल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हे त्यांचं मुख्य साधन होतं.

रुग्णालयासाठी याचा अर्थ सरळ होता. कांजिण्यांचा रुग्ण फक्त बालरोग विभागात नसतो. नागीण झालेले आजोबा पुरुषांच्या वॉर्डात असतात, आणि त्यांचं ड्रेसिंग करणाऱ्या व्यक्तीला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिला त्या होऊ शकतात.

वॉर्डातली भीती

लहान मुलांचा किरकोळ आजार अशी ओळख असलेल्या कांजिण्यांना रुग्णालयं घाबरू लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचं कारण म्हणजे वैद्यकशास्त्राची प्रगती. रक्ताच्या कर्करोगावर औषधं आली. पूर्वी जी मुलं वाचत नसत ती जगू लागली, पण त्या औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती खाली आणली. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने १९७५ मध्ये कर्करोगग्रस्त मुलांमधल्या कांजिण्यांच्या ७७ केसेसचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलांपैकी ७ टक्के कांजिण्यांनी दगावली होती. कर्करोगाशी झुंजणारं मूल कांजिण्यांनी जावं, हे डॉक्टरांना असह्य होतं.

गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळं यांचाही असाच प्रश्न. प्रसूतीच्या आधीचे ५ दिवस ते नंतरचे २ दिवस या काळात आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या, तर बाळाला गंभीर आजाराचा धोका असतो, कारण आईकडून संरक्षण मिळण्याआधीच त्याला संसर्ग झालेला असतो.

त्यात १९८० मध्ये बोस्टनच्या एका बालरुग्णालयातून आणखी एक अभ्यास आला. कांजिण्यांच्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवूनही त्याच मजल्यावरच्या इतर मुलांना लागण झाली होती. हवा कुठून कुठे जाते हे तपासल्यावर संसर्ग हवेतून पसरल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे हात धुतले, गाऊन घातला, तरी पुरेसं नाही. वॉर्डात शिरणारी माणसं स्वतः सुरक्षित आहेत का, हाच प्रश्न उरला.

आणि इथे विषाणूची एक खोड आड येते. संपर्कानंतर कांजिण्या उठायला साधारण १० ते २१ दिवस लागतात, पण पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू लागतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती नसलेला कर्मचारी कांजिण्यांच्या संपर्कात आला, तर पहिल्या संपर्कानंतर ८ व्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतर २१ व्या दिवसापर्यंत त्याला रुग्णांपासून दूर ठेवावं, असं अमेरिकेतलं मार्गदर्शन सांगतं. १० मधून २ वजा केले की ८. नियमातले आकडे असे कुठून तरी आलेले असतात. ते शोधायची सवय लावून घ्या.

दोन आठवडे कामावर नाही, म्हणजे वॉर्डात माणूस कमी, आणि रोजंदारीवर असलेल्याच्या घरात पैसे कमी. ‘मला झाल्या होत्या’ असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटण्यामागे हेही कारण असू शकतं.

लशीचा जन्मही रुग्णालयातच

कांजिण्यांवरची लस जपानमध्ये ओसाकाच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी तयार केली. १९६४ च्या सुमारास ते अमेरिकेत काम करत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्यांचा तीव्र त्रास झाला, आणि हा विषय त्यांच्या मनात बसला. पुढे जपानमध्ये त्यांनी तीन वर्षांच्या एका मुलाच्या फोडातून विषाणू मिळवला. त्या मुलाच्या आडनावावरून या वाणाला ‘ओका’ म्हणतात. आधी मानवी पेशींत आणि मग गिनीपिगच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून तो दुबळा केला गेला.

१९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा पहिला अहवाल आला, आणि त्याचं ठिकाण होतं रुग्णालयाचा एक वॉर्ड. तिथे एका मुलाला कांजिण्या झाल्याबरोबर, पूर्वी कांजिण्या न झालेल्या २३ मुलांना लगेच लस दिली गेली. त्यांच्यात मूत्रपिंडाच्या विकारासारखे आजार असलेली, स्टेरॉइड घेणारी मुलं होती. साथ तिथेच थांबली.

तरीही शंका होत्या. लशीतला विषाणू जिवंत आहे, मग तो सुद्धा मज्जासंस्थेत दडून बसला आणि पुढे नागीण झाली तर? होप-सिम्पसन यांनी मांडलेलं तत्त्व आता लशीविरुद्ध उभं राहिलं. बरीच वर्षं चाचण्यांत गेली. अमेरिकेत लशीला परवानगी मिळाली ती १९९५ मध्ये. प्रौढांना एक डोस पुरत नाही, दोन लागतात, हे तोवर कळलं होतं. आणि प्रौढांमध्ये लस कुणाला द्यायची, या यादीत आरोग्य कर्मचारी वरच्या ओळीत होते.

आता प्रश्न उरला तो आपल्या फॉर्मवरचा : कोणत्या कर्मचाऱ्याला लस लागेल, हे ओळखायचं कसं?

वेल्लोरचं उत्तर

अमेरिकेत याचं उत्तर सोपं वाटत होतं. १९९६ च्या तिथल्या लसीकरण शिफारशींत दिलेले आकडे बघा. ‘हो, झाल्या होत्या’ म्हणणाऱ्या प्रौढांपैकी ९७ ते ९९ टक्के लोकांच्या रक्तात खरंच प्रतिकारशक्ती सापडत होती. ‘नाही’ किंवा ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्यांपैकीही ७१ ते ९३ टक्के सुरक्षितच निघत होते. थंड हवेच्या देशांत शाळेच्या वयातच जवळपास सगळ्यांना कांजिण्या होऊन जात; काहींना त्या लक्षातही राहत नसत.

पण उष्ण प्रदेशांतलं चित्र वेगळं आहे, हे त्याआधीच नोंदवलं गेलं होतं. १९६३ मध्ये सिलोन आणि युगोस्लाव्हिया यांची तुलना करणारा एक लेख आला होता. १९७६ मध्ये डी. पी. सिन्हा यांनी पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागाबद्दल लिहिलं, की तिथे कांजिण्या हा प्रामुख्याने मोठ्यांचा आजार आहे. (बंगालीत कांजिण्यांना ‘जलवसंत’ म्हणतात, आजाराचा हंगाम नावातच आहे.) आणि १९८४ मध्ये वेल्लोरहून ए. आर. वेंकितरामन आणि टी. जेकब जॉन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय होता उष्ण कटिबंधातल्या एका रुग्णालयातले कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यातल्या कांजिण्या. रुग्णालयात काम करणारी, शिकणारी मोठी माणसं आजारी पडत होती. याच गटाने त्याच सुमारास रक्ततपासणीवर आधारित अभ्यासही केला, आणि दक्षिण भारतातल्या प्रौढांमध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्यांचं प्रमाण बरंच आहे हे त्यातून दिसलं.

असं का होतं? उष्णतेत विषाणू कमी टिकतो, खेड्यांत विखुरलेली वस्ती, अशी कारणं सुचवली गेली आहेत. वाद अजून संपलेला नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की ‘सगळ्यांनाच होतात’ हे आईचं वाक्य लंडनला जितकं खरं होतं तितकं आपल्याकडे नव्हतं.

आठवणीचं गणित

हा मुद्दा आकड्यांत मांडून बघू. खालची दोन रुग्णालयं काल्पनिक आहेत. प्रत्येकात १,००० कर्मचारी. माणसांची स्मरणशक्ती दोन्हीकडे सारखीच धरू. ज्यांना खरंच प्रतिकारशक्ती आहे त्यातले ८० टक्के ‘हो’ म्हणतात, उरलेले विसरलेत. ज्यांना नाही त्यातले १० टक्के दुसऱ्याच कुठल्यातरी पुरळाला कांजिण्या समजून चुकून ‘हो’ म्हणतात.

पहिल्या रुग्णालयात ९५० जण सुरक्षित आहेत. ‘हो’ म्हणणारे होतात ७६५, त्यातले चुकीचे फक्त ५. ‘नाही’ म्हणणारे २३५, आणि त्यातले १९० म्हणजे ८१ टक्के खरं तर सुरक्षितच.

दुसऱ्या रुग्णालयात ७०० जण सुरक्षित आहेत. ‘हो’ म्हणणारे ५९०, त्यातले चुकीचे ३०. ‘नाही’ म्हणणारे ४१०, आणि त्यातले सुरक्षित फक्त १४०, म्हणजे ३४ टक्के.

प्रश्न तोच, फॉर्म तोच, माणसांची आठवणही तितकीच चांगली किंवा वाईट. तरी पहिल्या ठिकाणी ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ‘बहुधा सुरक्षित’, आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बहुधा असुरक्षित’. आणि ते चुकीचं ‘हो’ म्हणणारे ३० जण निर्धास्तपणे वॉर्डात जातात. हेबर्डेनला ज्या खोट्या निर्धास्तपणाची भीती होती, तो हाच.

हे नुसतं कागदी गणित नाही. ब्रिटनने २००३ मध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना लस देण्याची शिफारस केली. त्यात डॉक्टर-नर्सच नव्हे, तर रुग्णांशी थेट संबंध येणारे वॉर्डातले सफाई कामगार, जेवण देणारे, रुग्णवाहिकेवरचे आणि दवाखान्याच्या स्वागतकक्षातले कर्मचारीही धरले. नियम असा : ‘हो’ म्हणणारे सुरक्षित मानावेत, बाकीच्यांचं रक्त तपासावं. पण २००४ मध्ये एका पाहणीतून दिसलं, की परदेशात जन्मून वाढलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ‘हो’ हे उत्तर तितकं भरवशाचं नाही. मग मार्गदर्शनात तशी नोंद आली, की अशांचं रक्त सरसकट तपासण्याचा विचार करावा. भारतातून, फिलिपिन्समधून आलेल्या परिचारिकांवर ज्या देशाची रुग्णालयं उभी आहेत, तिथे ही बारीक तळटीप नाही.

रक्त तरी खरं बोलतं का?

तुम्ही म्हणाल, एवढा घोळ कशाला, सगळ्यांचं रक्तच तपासा. इथे इतिहास आणखी एक वळण घेतो.

कांजिण्यांची प्रतिकारशक्ती मोजणारी सर्वांत भरवशाची चाचणी १९७४ मध्ये अमेरिकेत विकसित झाली. पण ती किचकट, संशोधन प्रयोगशाळेतच होणारी. बाजारातल्या नेहमीच्या चाचण्या आजार होऊन गेलेल्यांच्या अँटीबॉडी ओळखतात, पण लशीमुळे तयार झालेल्या कमी प्रमाणातल्या अँटीबॉडी अनेकदा त्यांच्या नजरेतून सुटतात. म्हणून दोन डोस घेतलेल्या कर्मचाऱ्याची पुन्हा रक्ततपासणी करू नये, दोन डोसांची नोंद हाच पुरावा धरावा, असं अमेरिकेतलं मार्गदर्शन सांगतं. लस घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात काहींच्या अँटीबॉडी ओसरल्या, काहींना पुढे कांजिण्याही झाल्या. पण त्या सौम्य होत्या.

म्हणजे क्रम कसा झाला बघा. आधी आठवण हा पुरावा. मग आठवणीवर संशय, म्हणून रक्त हा पुरावा. मग रक्ताच्या चाचणीची मर्यादा कळली, म्हणून लसीकरणाचं कार्ड हा पुरावा. प्रत्येक पुराव्याला त्याचं ठिकाण आणि त्याची वेळ आहे.

याचं एक छान उदाहरण : १९८० पूर्वी अमेरिकेत जन्मलेल्या सामान्य माणसाला तिथे कांजिण्यांपासून सुरक्षित मानलं जातं, फक्त जन्मतारखेवरून. पण तोच माणूस रुग्णालयात काम करत असेल, तर ही सवलत नाही. माणूस बदलला नाही, त्याचं रक्त बदललं नाही. बदलली ती चूक झाली तर मोजावी लागणारी किंमत. पुरावा किती पक्का हवा, हे ती किंमत ठरवते.

आपल्याकडचा रिकामा चौकोन

भारतात कांजिण्यांची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. ती मिळते, पण पैसे मोजून. खाजगीत लस घेतलेली शहरी मुलगी, लहानपणी आजार होऊन गेलेला मुलगा आणि यातलं काहीच न झालेली खेड्यातून आलेली विद्यार्थिनी, असे तिघे एकाच नर्सिंग कॉलेजच्या बाकावर बसतात. त्यांच्या फॉर्मवर मात्र प्रश्न एकच, आणि चौकोन दोनच. वॉर्डात झाडू मारणाऱ्या कंत्राटी मावशींना तर कित्येकदा फॉर्मच मिळत नाही. ब्रिटनच्या यादीत त्यांचं काम आहे; आपल्या यादीत आहे का, हे प्रत्येक जिल्ह्यात जाऊन बघण्यासारखं आहे.

विषय शोधत असाल, तर हा घ्या. मोठी प्रयोगशाळा लागणार नाही. फॉर्म गोळा करा, तो कुणाला दिला जातो ते बघा, ‘कांजिण्या’ आणि ‘गोवर’ यांना तुमच्या भागात लोक काय म्हणतात ते लिहून घ्या. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात नेमका कोणता आजार आहे हे न समजून घेता आपण ‘हो’ची बेरीज करत बसतो, आणि चूक तिथेच सुरू होते.

आणि तुमच्या स्वतःच्या प्रश्नावलीत ‘हो / नाही’ असा चौकोन टाकण्याआधी एकदा थांबा. तुम्ही विचारणार असलेली गोष्ट त्या भागात, त्या लोकांमध्ये किती सर्रास घडते, हे आधी माहीत करून घ्या. त्याशिवाय उत्तराचा अर्थ लावता येत नाही. दुसऱ्या देशात तपासलेला प्रश्न इथे उचलून आणला, की त्याचे शब्द तेवढे येतात. त्याचा भरवसा तिकडेच राहतो.